खळ दिलेलं कापड एवढं झोळत नाही

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. माहेरच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, आमच्या डिझाइनवाल्यांच्या ग्रुपवर, आणि मावसभावाने तर तो खास मलाच पाठवला, खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा लावून. विषय विमानांची प्लॅस्टिकची मॉडेलं. मजकूर थोडक्यात असा: हे लहान मुलांचं खेळणं आहे; डब्यात सगळं तयार येतं, दोन तासांत चिकटवून होतं, कौशल्य शून्य; वरून रंग मारायचा आणि खरवडून ‘जुनं’ करायचं; त्यासाठी तीस हजारांचं सामान लागतं; आपल्याकडच्या उन्हात प्लॅस्टिक वितळतं; आणि मुळात इंग्रजांच्या विमानांचं आपल्याला काय कौतुक? शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’. बऱ्याच जणांना पटलेलं दिसतंय.

मी सोलापुरात साखर पेठेत राहते. टॉवेल आणि चादरींच्या जॅकार्डची, म्हणजे विणीतच उमटणाऱ्या नक्षीची, डिझाइनं करते आणि गेली सहा वर्षं विमानं जोडते. सध्या टेबलावर हॉकर हरिकेन आहे, दुसऱ्या महायुद्धातलं इंग्रजांचं लढाऊ विमान, १/७२ प्रमाणातलं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचं. तेव्हा या मेसेजला उत्तर द्यायला मी रिकामी नसले तरी लायक आहे. आधी एवढंच विचारते, की दोन तासांच्या बिनकौशल्याच्या कामाला तीस हजारांचं सामान कशाला लागतं? दोन्ही आरोप एकाच दमात करणाऱ्याने आधी आपसात ठरवून घ्यावं.

आता दोन तासांबद्दल. डबा उघडला की करड्या प्लॅस्टिकच्या चौकटी निघतात, त्यांना स्प्रू म्हणतात. त्यात तुकडे अडकलेले असतात, कैरीच्या देठासारखे. इथवर मेसेज बरोबर आहे. पण विमानाचं धड दोन अर्ध्या भागांत येतं आणि ते मिटवण्याआधी आतली वैमानिकाची जागा पूर्ण रंगवून झालेली असावी लागते, कारण नंतर तिथे ब्रश जात नाही. म्हणजे पहिला जोड बसायच्या आधीच आठवडा गेला. सीट, पट्टे, घड्याळांची पाटी. ही पाटी माझ्या करंगळीच्या नखाएवढी आहे.

मग चिकटवणं. मेसेजवाल्याने ‘फेव्हिकॉल लावला की झालं’ असं लिहिलंय. मॉडेलचा सिमेंट हा डिंक नव्हेच. तो प्लॅस्टिक विरघळवतो आणि दोन्ही कडा एकमेकींत मुरतात, वेल्डिंगसारख्या. म्हणून जोड पक्का होतो, आणि म्हणूनच थेंब जास्त पडला की विमानही विरघळतं. माझ्या हरिकेनच्या डाव्या पंखावर माझ्याच अंगठ्याचा ठसा होता, रेषान् रेषा स्पष्ट. तो घासून काढायला दोन संध्याकाळी गेल्या. (फेव्हिकॉल लागतो, पण वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेच्या टोपणाला. तो वाळला की पारदर्शक होतो. झटपट चिकटणारा डिंक तिथे लावलात तर त्याच्या वाफेने काच आतून पांढुरकी होते. पहिल्या विमानाला मी तेच केलं. आतला वैमानिक मोतीबिंदू झाल्यासारखा बाहेर बघतो अजून.)

पंखांचं आणखी वेगळं. हरिकेनच्या पंखांचा मधला भाग सपाट असतो आणि बाहेरचे दोन भाग किंचित वर उचललेले. हा कोन दोन्हीकडे सारखा आला नाही तर विमान लंगडं दिसतं, आणि रंग कितीही चांगला दिला तरी लंगडंच दिसतं. मी दोन्ही टोकांखाली काडेपेट्या ठेवून रात्रभर वाळू देते. एका बाजूच्या पेटीखाली दोन पोस्टकार्डं सरकवावी लागली. दोन तासांत हे कोणाला जमत असेल तर त्याने कृपा करून साखर पेठेत यावं, चहा माझ्याकडून.

पण मेसेजमधलं सगळ्यात चुकीचं वाक्य वेगळंच आहे. ‘रंग मारायचा आणि खरवडून जुनं करायचं.’ हे वाचून मी हसले नाही, कारण सुरुवातीला मीही हेच करायचे. चंदेरी रंगात स्पंजाचा तुकडा बुडवायचा आणि विमानभर टिपके मारायचे, की रंगाचे टवके उडून खालचा पत्रा दिसतोय. फोटोत झकास दिसतं. हरिकेनवर मात्र ते साफ खोटं आहे, कारण वैमानिकाच्या मागे शेपटीपर्यंत त्या विमानाला पत्राच नाही. हॉकर कंपनीच्या सिडनी कॅमने हे विमान आखलं आणि ६ नोव्हेंबर १९३५ रोजी ते पहिल्यांदा उडालं. आत धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वरून ताणून बसवलेलं लिननचं कापड. पुढचा भाग पत्र्याचा, मागचा कापडाचा. सुरुवातीच्या काही विमानांचे तर पंखही कापडाचे होते, नंतर ते पत्र्याचे झाले. ज्याच्या खाली पत्रा नाही त्याचे टवके उडून पत्रा कसा दिसेल?

हे मला पुस्तकातून कळलं, पण पटवलं शेजारच्या अण्णांनी. अण्णा मिलमध्ये सायझिंग खात्याला होते. सुताला खळ द्यायची, ताणा कडक करायचा, यात त्यांची उमर गेली. एका संध्याकाळी ते खिडकीशी येऊन उभे राहिले.

“काय गं, हे इमान कापडाचं म्हणत्यात ते खरं का?”

“अर्धं कापडाचं, अण्णा. लिननचं. आपण जवसाची चटणी खातो ना, त्याच झाडाचा धागा.”

“मग वाऱ्यात फडफडत नाही होय?”

मी सांगितलं, की कापड सांगाड्यावर बसवून त्यावर डोप नावाचं लॅकर चढवायचे. ते वाळताना कापड आक्रसतं आणि ढोलकीसारखं ताठ होतं, शिवाय पाणीही धरत नाही. अण्णांनी मान डोलवली. “म्हंजे खळच की.” मग त्यांनी मॉडेल हातात घेऊन चष्मा कपाळावर सरकवला. शेपटीकडे लाकडी पट्ट्यांच्या मधे कापड आत गेल्यासारखे खड्डे होते. त्यावरून त्यांनी नख फिरवलं आणि म्हणाले, “खळ दिलेलं कापड एवढं झोळत नाही, पोरी.”

मी हिशेब केला. माझं रोजचं कामच ते, आलेखावरच्या चौकोनाचा धागा आणि धाग्याचा चौकोन. खड्डा साधारण ०.३ मिलिमीटर खोल होता. त्याला ७२ ने गुणा. २१.६ मिलिमीटर. म्हणजे खऱ्या विमानावर कापड दोन सेंटिमीटरच्या वर लोंबलेलं! असं विमान कोणी धावपट्टीवर नेलं नसतं. साचा बनवणाऱ्यांनी डोळ्यांना दिसावं म्हणून ते वाढवलेलं असतं. पत्र्यांच्या जोडांच्या रेषांचंही तेच. किटमधली ०.२ मिलिमीटरची रेष म्हणजे खऱ्यात १४ मिलिमीटरची फट, बोट जाईल एवढी. मग ते खड्डे मी प्राइमरचे, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचे, थर देत आणि बाराशे नंबरच्या पॉलिश पेपरने ओलं घासत उथळ केले. त्यातही धडाचा जोड नेमका पाठीवरून जातो. जोडाची रेष घासून मिटवायची, पण शेजारच्या पट्ट्यांचे उंचवटे मिटू द्यायचे नाहीत. ‘डब्यात सगळं तयार असतं’ म्हणणाऱ्याने ही पाठ एकदा घासून बघावी.

म्हणजे या विमानावर जुनेपणा दाखवायचाच तर दोन भाषांत दाखवावा लागतो. पुढे इंजिनाच्या झाकणांवर टवके, पंखांच्या मुळाशी मेकॅनिकच्या बुटांनी घासलेला रंग, एक्झॉस्टच्या मागे काजळी. मागे कापडावर फक्त विटलेला रंग, आणि हवं तर एखादं ठिगळ. चादर विटते तसं ते विटायला हवं, पातेलं खरचटतं तसं नव्हे.

तीस हजारांचं पटकन सांगते. हवेच्या दाबाने रंग फवारणारा एअरब्रश आणि त्याचा कंप्रेसर घेतलात तर खर्च वाढतो, हे खरं. पण मी पहिली चार विमानं ब्रशनेच रंगवली, पातळ रंगाचे तीन-चार हात देऊन. माझं सामान म्हणजे एक कटर, चिमटा, नखांची फाइल, मास्किंग टेप, सिमेंटची बाटली. महाग पडतो तो डबा, आणि इथे मेसेजचा ‘खेळणं’ हा शब्द गमतीदार ठरतो, कारण आपलं कस्टमसुद्धा तेच म्हणतं. त्यांच्या यादीत ९५०३ या शीर्षकाखाली खेळण्यांबरोबर लहान प्रमाणातली मॉडेलंही येतात. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. म्हणजे माझ्या हरिकेनवर मी बाहुलीच्या दराने कर भरलाय. लहान मुलांचं खेळणंच असेल तर त्या डब्यावर लहान मुलांना देऊ नका असं का छापतात, तेही बघावं. बारीक तुकडे, धारदार कटर आणि डोकं धरणारा थिनर आहे यात. मी मास्क लावते आणि खिडकी उघडी ठेवते.

उन्हाचा मुद्दा. सोलापूरचा मे महिना म्हणजे ४२-४३ अंश, त्याबद्दल मेसेजवाल्याशी माझं भांडण नाही. पण ही मॉडेलं पॉलिस्टायरीनची असतात आणि ते शंभर अंशांच्या आसपास मऊ होतं. घरात कपाटात काही होत नाही. बंद गाडीत मात्र होतं. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत डिझाइन दाखवायला गेले तेव्हा मागच्या काचेपाशी एक डबा तीन तास राहिला. परत आले तर आतल्या एका पंखाला बाक आलेला. तो गरम पाण्यात बुडवून, बोटांनी सरळ करून, थंड पाण्यात धरला. बसला जागेवर. उन्हाळ्याचा खरा त्रास वेगळा आहे. ॲक्रिलिक रंग ब्रशच्या टोकावरच वाळतो, आणि पाण्यात भिजवून बसवायचं डीकल, म्हणजे विमानावरच्या खुणांचं छापील चित्र, सरकवून नीट करेपर्यंत चिकटून बसतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये मी पहाटे पाच ते सात एवढंच रंगकाम करते. उलट आपली कोरडी हवा लॅकरला मानवते. दमट हवेत त्यावर पांढरी झाक येते, ती इथे सहसा येत नाही. आमच्या गल्लीचा शत्रू ऊन नव्हे, माग आहे. यंत्रमागांचे तंतू हवेत तरंगत असतात आणि चकाकी वार्निशचा हात दिला की नेमका एक त्यावर येऊन बसतो. ओला हात वाळेपर्यंत मी विमानावर पुरणाच्या पातेल्याचं झाकण पालथं घालते. सासूबाईंना ते आवडत नाही.

राहिलं इंग्रजांच्या विमानांचं कौतुक. हरिकेन इंग्लंडमध्ये तयार झालं, चौदा हजारांहून जास्त बनली, आणि डब्यावर बहुतेक वेळा लंडनच्या आकाशातलं चित्र असतं. पण १९४४ मध्ये जपानी फौजांनी इम्फाळला वेढा घातला तेव्हा तिथून हरिकेन उडवणारं एक स्क्वाड्रन भारतीय वायुसेनेचं होतं, नंबर १. त्याचा प्रमुख पंचविशीतला अर्जन सिंग. त्या कामगिरीसाठी त्याला डीएफसी हे शौर्यपदक मिळालं, आणि पुढे तोच मार्शल ऑफ द एअर फोर्स झाला. ज्याला हे आपलं वाटत नाही त्याने सोलापूरचं तरी आठवावं. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि जपानविरुद्ध लढणाऱ्या सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथेच वारले. ते महायुद्ध आपल्या गावालाही शिवून गेलंय. आणि मॉडेल म्हणजे युद्धाचं कौतुकच, असंही मला वाटत नाही. चाळीस फुटी पंखांचं ते विमान माझ्या टेबलावर सतरा सेंटिमीटरचं होतं, आणि त्या कापडाच्या मागे माणूस किती उघडा बसलेला असायचा ते तेव्हाच लक्षात येतं.

मी त्याच इम्फाळच्या आघाडीचं विमान करतेय. डब्यातली डीकलं निरुपयोगी ठरली, कारण विमान कोणाचं ते सांगणाऱ्या त्यांच्या वर्तुळांत मधोमध लाल ठिपका आहे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर विमानांवरचा लाल काढून टाकला होता. जपानी विमानांवर लाल गोळाच असायचा, आणि घाईत आपल्याच माणसाने आपल्यावर गोळी झाडू नये म्हणून ही खबरदारी. गडद निळं कडं आणि मधे फिकट निळा ठिपका. मी कंपासला ब्लेड बांधून मास्किंग टेपमधून वर्तुळं कापली आणि ती रंगवली.

मावसभावाला उत्तर म्हणून मी त्याचा फोटो पाठवला. अर्ध्या तासाने त्याचा मेसेज आला: “ठिपका लाल पाहिजे ना गं? आणि उजव्या पंखावरचा जरा बाहेर गेलाय.” लाल का नाही ते मी त्याला लिहून पाठवलं. उजव्या पंखाचं त्याचं बरोबर होतं, अर्धा मिलिमीटर गेलाय. रविवारी काढून परत करणार आहे.