वाढदिवसाला कावळे

आत्ताच एका पहिल्या वाढदिवसाहून घरी आलेय. अजून साडीही बदलली नाही. आधी हे लिहून टाकते, नाहीतर मला आज झोप लागणार नाही.

आमंत्रण सातचं. हॉलमध्ये 'जंगल सफारी' थीम. दारात फुग्यांची कमान, आत थर्माकोलचे जिराफ आणि झेब्रे, धूर सोडणारं मशीन, माईक घेऊन ओरडणारा एक मुलगा. आणि या सगळ्याच्या मधोमध ते बाळ. अंगात सिंहाचा ड्रेस, मानेभोवती खोट्या केसांची आयाळ, खाली घामाने निथळणारी मान. केक कापला नऊ वाजून दहा मिनिटांनी, कारण कोणी मोठे पाहुणे ट्रॅफिकमध्ये अडकले होते. तोवर लेकरू दोनदा झोपलं आणि दोन्ही वेळा गाल थोपटून त्याला उठवलं. केकवर सुरी टेकली आणि कोणीतरी त्याच्या डोक्यावरच चमकीचा पॉपर फोडला. बाळ असं दचकलं की हातपाय ताठ झाले, क्षणभर रडूच फुटेना. मग जे रडायला लागलं ते थांबेचना. तर माईकवाला म्हणतो, "बघा बघा, बर्थडे बॉय इमोशनल झाला!" सगळे हसले.

अरे, घाबरलंय ते! वर्षाचं लेकरू आहे. रात्री नऊला ते आईच्या कुशीत असायला हवं, स्टेजवर नाही. ज्याचा वाढदिवस त्यालाच कोणी विचारत नाही, ही कुठली पद्धत?

त्या आईचं तोंड मी पाहिलं. दुधाची बाटली पदराखाली धरून कोपऱ्यात उभी होती. फोटोग्राफर तिला म्हणत होता, "मॅडम, अजून पाच मिनिटं." तिच्यावर माझा राग नाही. ती मला ओळखीची वाटली. कारण दहा वर्षांपूर्वी तिच्या जागी मी असणार होते, थोडक्यात वाचले.

आमच्या लेकाचा पहिला वाढदिवस १३ नोव्हेंबर २०१६ ला होता. तारीख वाचूनच अनेकांना आठवलं असेल. ८ तारखेला रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. आम्हीही तेव्हा जंगलच ठरवलं होतं! हॉल, डेकोरेशन, केटरर, सगळ्यांना उरलेले पैसे रोख द्यायचे होते आणि कपाटातल्या नोटा सगळ्या हजाराच्या. एटीएममधून दिवसाला दोन हजार, तेही मशीनमध्ये असले तर. त्या शनिवार-रविवारी बँका उघड्या ठेवल्या होत्या म्हणून नवरा शनिवारी पहाटे सहापासून रांगेत उभा राहिला आणि दुपारी हात हलवत परत आला. नंबर येईपर्यंत रोकड संपली होती. मग त्याने एकेकाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पहिलं मूल, पहिला वाढदिवस, उद्यावर आलेला आणि घरात एक फुगासुद्धा नाही.

माझे सासरे बाहेर खुर्चीत पेपर वाचत होते. परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये हयात गेलेला माणूस, बोलणं मोजकं. आत येऊन म्हणाले, "त्याला काय आवडतं ते सांग." मी म्हटलं, "बाबा, वर्षाचा आहे तो, त्याला काय कळतंय?" तर म्हणाले, "काऊ आवडतो."

आवडायचाच. आमच्या डोंबिवलीच्या घराच्या गॅलरीत रोज एक कावळा ग्रिलवर येऊन बसायचा. बाबा त्याला पोळीचा तुकडा ठेवायचे आणि हा त्यांच्या कडेवरून "काऊ, काऊ" करत वाटीभर मऊ भात संपवायचा. 'आई'च्या आधी तो 'काऊ' म्हणायला शिकला होता.

शनिवारी रात्री बाबा काळा घोटीव कागद घेऊन बसले. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याने उधारीवर दिला होता. सासूबाईंनी मैद्याची खळ शिजवली. मी भराभर अख्खे काळे कावळे कापायला लागले तर बाबांनी माझा हात थांबवला. "हा डोमकावळा झाला. आपल्या ग्रिलवर येतो तो गावकावळा. त्याची मान राखाडी असते. पोरगा ओळखणार नाही." आणि त्यांनी वाचून झालेल्या पेपरच्या पट्ट्या कापून एकेका कावळ्याच्या मानेला चिकटवल्या. डोळ्यांना सासूबाईंच्या पाकिटातल्या सगळ्यात बारीक काळ्या टिकल्या. २२ कावळे झाले. दोन वाजले होते रात्रीचे.

थीम ही अशी असते हो! मी थीमच्या विरोधात नाही, उगाच कोणी तसं समजू नका. आपलं बोरन्हाण काय आहे मग? संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करा, काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे. रंग ठरलेला, कपडे ठरलेले, खाऊ ठरलेला. त्यात गंमत अशी की बाकीची पोरं खाऊ वेचायला धावतात आणि मध्ये बसलेलं बाळ ते बघून हसतं. सगळं त्याच्या उंचीवर, जमिनीवर, पाटाभोवती. आपल्या आज्या-पणज्यांना हे कळत होतं आणि आपण मात्र बाळाला कधी न दिसलेला आफ्रिकेतला झेब्रा आणून ठेवतो.

घरी करायचं म्हटलं की पोरी मला विचारतात, कसं करायचं, काय काय लागतं. काही लागत नाही गं. बाळाची झोपेची वेळ लिहून काढ आणि बाकी सगळं त्याभोवती बसव. आमचा साडेदहाला झोपून उठायचा म्हणून अकराला औक्षण, साडेबाराला पाहुणे जेवायला. १४ माणसं. मसालेभात, बटाट्याची भाजी, शिरा आणि कुकरमध्ये मीठ पसरून भाजलेला रव्याचा केक. केक एका बाजूने बसला होता, चव छान होती.

आणि फुग्यांबद्दल एकदा स्पष्टच बोलते. रांगणाऱ्या बाळाच्या आसपास रबरी फुगे नकोत, नकोतच. फुटलेल्या फुग्याचा तुकडा बाळ तोंडात घालतं आणि तो घशात बसला तर श्वास अडकतो. आज हॉलमध्ये जमिनीवर किती तुकडे पडले होते! मी आणि एक आजी, आम्ही दोघी वाकून वाकून उचलत होतो. पॉपकॉर्न, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं हेही तसंच, आणि तिथे टेबलावर बाळाच्या हाताला येईल असे पॉपकॉर्नचे द्रोण मांडले होते. इतके पैसे खर्चून एवढंही कोणाच्या लक्षात येऊ नये? चीड येते.

बरं, ज्यांचं घर एका खोलीचं आहे आणि भावकी शंभर माणसांची आहे, त्यांना हॉल घ्यावाच लागतो, हे मान्य. आणि फोटो चांगले आले की पुढे आनंद होतो, हेही मान्य. पण मग हॉल सकाळचा घ्या ना.

आमच्याकडे तरी सगळं गोडीत झालं असं नाही. नवऱ्याच्या आत्याबाई दारातून आत आल्या आणि भिंतभर कावळे बघून जागीच थांबल्या. "वाढदिवसाला कावळे? शुभ दिवशी? हे पिंडाचं पाखरू भिंतीवर कोणी लावलं?" घरात सगळे गप्प. माझ्या तर पोटात गोळा आला. वाटलं, काढून टाकावेत. बाबा पाटाभोवती रांगोळी काढत होते, त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "पोराला भरवताना दिवसातून वीस वेळा बोलावतेस त्याला, तेव्हा चालतो. मग आज जेवायला आला तर कुठे बिघडलं?"

आत्याबाई काही बोलल्या नाहीत. पण नंतर निरांजन हातात घेतलं, सुपारी-अंगठीने ओवाळलं आणि भाताचा पहिला घास भरवताना आपसूक त्यांच्याच तोंडून आलं, "हा घास काऊचा." लेकाने भिंतीकडे बोट केलं. काऊ! एकेका कावळ्याकडे बोट करून, काऊ, काऊ, काऊ! अख्ख्या वाढदिवसात तो रडला नाही.

हे लिहिताना मघाचा राग थोडा निवळलाय. आता बाबांचीच आठवण येतेय.

२०१९ मध्ये बाबा गेले. दहाव्याला आम्ही नाशिकला रामकुंडावर होतो. पिंड ठेवला, सगळे लांब सरकून उभे राहिले, आणि कावळा काही येईना. मोठी माणसं हात जोडून मनातल्या मनात काय काय कबूल करत होती. लेक साडेतीन वर्षांचा, माझ्या कडेवर. त्याला काहीच माहीत नव्हतं, कावळ्याला जेवायला कसं बोलवायचं तेवढं माहीत होतं. बाबांनीच शिकवलेलं. त्याने हात पुढे केला आणि मोठ्याने म्हणाला, "ये रे काऊ, घास खा." आत्याबाई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी त्याला माझ्याकडून घेतलं आणि छातीशी धरलं. नंतर कावळा कधी शिवला ते मला आठवत नाही.

त्या २२ मधला एक कावळा माझ्याकडे आहे. टिकली निघालीय, मानेवरचा पेपर पिवळा पडलाय.

हॉलमधून निघतानाच भाचीचा फोन आला. तिच्या लेकीला पुढच्या महिन्यात वर्ष होतंय. डेकोरेशनचं कोटेशन ३२,००० आलंय, 'युनिकॉर्न' थीम, आणि सासरचे म्हणतात घरी केलं तर लोक काय म्हणतील. मी तिला ओरडणारच होते. पण तिचा आवाज त्या बाटली धरलेल्या आईसारखा वाटला, म्हणून बाबांनी मला विचारलं तेच विचारलं. तिला काय आवडतं गं?

खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, पंखा. पंखा लावला की पाय उडवून हसते. कितीही रडत असली तरी पंखा बघून गप्प होते."

म्हटलं, मग भिरभिरी करू. दारापासून पाटापर्यंत, सगळ्या रंगांची. खिडकी उघडी ठेवायची, वर पंखा लावायचा. आजूबाजूच्या पोरांना जाताना एकेक हातात द्यायचं.

ती रडायलाच लागली. मग हसली. मग म्हणाली, सकाळी अकराला ठेवू का, तेव्हा ती मजेत असते.

उद्या घोटीव कागद आणायचाय. पिना आणि झाडूच्या काड्या घरात आहेत. डोंबिवलीत कोणाला हात लावायला यायचं असेल तर रविवारी दुपारी चारनंतर या, चहा आहे. पोरांना घेऊन या.