जुनी मोटरहोम घेताय? आधी खाली झोपून टायरची तारीख वाचा

परवा आमच्या मंडळातल्या एका मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, ७५ सालची जीएमसी मोटरहोम, रंग मस्त, आत नवीन सोफे, नवीन पडदे, आणि विकणाऱ्याने खाली लिहिलेलं, "टायर जवळजवळ नवीन". रात्रीचे साडेदहा वाजले होते तरी मी त्याला फोन लावला. कारण हे "जवळजवळ नवीन" आम्ही भोगलंय आणि त्या दिवशी थोडक्यात निभावलं. फोनवर अर्धा तास बोलले तरी समाधान झालं नाही म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितेय. इकडे आपल्या लोकांमध्ये आता बरेच जण अशा जुन्या गाड्या शोधताहेत, त्यातल्या एकाने जरी वाचलं तरी बास.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोटरहोम म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, चाकांवरचं घरच. जनरल मोटर्सने ही १९७३ ते १९७८ एवढीच वर्षं बनवली, इथेच मिशिगनमध्ये, पॉन्टियॅकला. सगळ्या मिळून सुमारे १३ हजार. इंजिन आणि गिअरबॉक्स ओल्ड्समोबिल टोरोनॅडोचं, जोर पुढच्या चाकांना, त्यामुळे खालून मागे शाफ्ट जात नाही आणि फरशी इतकी खाली बसते की माझी आई गुडघे दुखत असतानाही आरामात चढायची. मागे प्रत्येक बाजूला दोन चाकं, एकामागे एक, आणि दोघांच्या मध्ये स्प्रिंगचं काम करणारी हवेची पिशवी. म्हणजे एकूण सहा चाकं. आमची १९७६ ची, २६ फुटी. २०१८ च्या शेवटी घेतली तेव्हा टायर बघून नवरा खूश झाला होता कारण नक्षी पूर्ण खोल, आणि कडेला ते रबराचे बारीक केस असतात ना नवीन टायरला, ते सुद्धा अजून तसेच होते. आम्ही म्हटलं चला, हा एक खर्च वाचला.

२०१९ च्या जुलैत आय-७५ हायवेने उत्तरेला निघालो, मॅकिनॉ ब्रिज ओलांडून पलीकडे मिशिगनच्या उत्तर भागात, अप्पर पेनिन्सुलात, आठवडाभर राहायचा बेत. ऊन कडक, गाडी भरलेली, पाण्याची टाकी फुल्ल. ग्रेलिंग यायच्या थोडं आधी मागून एक बारीक थरथर सुरू झाली, मी म्हटलं रस्ता खराब असेल, आणि दोन मिनिटांत धाड धाड धाड असा आवाज, जणू कुणी बाहेरून घणाने पत्रा ठोकतंय. आरशात बघितलं तर काळे तुकडे उडताना दिसले. लेक मागच्या बेडवर झोपली होती, म्हणजे त्या चाकांपासून हातभरावर. तिची किंचाळी मला अजून ऐकू येते. नवऱ्याने ब्रेक न मारता हळूहळू कडेला घेतली हे त्याचं शहाणपण.

खाली उतरून बघितलं तर उजव्या बाजूच्या मागच्या चाकाची वरची अख्खी पट्टी सुटून गेलेली, तिच्यातल्या स्टीलच्या तारा झाडूसारख्या बाहेर आलेल्या, आणि गंमत म्हणजे टायरमध्ये हवा अजून होती. फुटला नव्हताच तो, सोलला होता. त्या पट्टीने चाकावरचं फायबरचं पॅनल फाडलं आणि मागच्या दिव्यांची वायर तोडली. शेजारचं चाक तेवढ्या वेळ दोघांचं ओझं एकटं उचलत होतं.

तिथेच मी पुठ्ठा टाकून गाडीखाली झोपले, मोबाईलचा टॉर्च लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा टायरवरचा डॉट कोड वाचला, ज्यात टायर कधी बनला ते लिहिलेलं असतं. पूर्ण कोड पुष्कळदा एकाच बाजूला असतो आणि आमच्या टायरची ती बाजू आत बसवलेली, म्हणून उभ्याने बघणाऱ्याला कधी दिसलाच नसता. शेवटचे चार आकडे होते ३६०८. म्हणजे ३६ वा आठवडा, २००८. अकरा वर्षांचे टायर आणि नक्षी कोरी करकरीत! (कोडच्या शेवटी तीनच आकडे असले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा, त्याच्याजवळ उभंसुद्धा राहू नका.)

मोटरहोमचं हेच आहे बघा. कारचे टायर आपण पळवून पळवून झिजवतो, गोटा झाला की बदलतो. मोटरहोम वर्षातले दहा महिने एका जागी उभी असते, झिजणार कशी? आणि टायर उभा राहून जास्त म्हातारा होतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. रबरात तडे जाऊ नयेत म्हणून मेण आणि काही रसायनं मिसळलेली असतात, ती टायर फिरला, दबला, वाकला की हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि ओझोनपासून रबर राखतात. गाडी उभीच असेल तर ती वर येतच नाहीत. वरून ऊन. आणि आतल्या बाजूला स्टीलच्या पट्ट्यांमधलं रबर हवेतल्या ऑक्सिजनने कडक होत जातं, ते तर बाहेरून अजिबात दिसत नाही. मग एक दिवस भरलेली गाडी, उन्हाळा, हायवेचा वेग, आणि पट्टी सुटते.

आता खरा धोक्याचा भाग, नीट वाचा.

या गाड्यांना मूळ टायर ८.७५-१६.५ मापाचा. साडेसोळा इंची रिम. हे माप त्या काळी पिकअप आणि मोटरहोमना सर्रास असायचं, नंतर सगळे १६ इंचावर गेले आणि साडेसोळा मागे पडलं. आज त्या मापात रस्त्यावर चालवायचे चांगले टायर शोधणं म्हणजे दिव्य आहे, जे मिळतात ते मोजकेच आणि दुकानात कधीचे पडून असतील सांगता येत नाही. तर गाडी टो करून आम्ही एका टायरच्या दुकानात पोचलो, नाव नाही सांगत, आणि तिथला पोरगा म्हणाला साडेसोळाचा नाहीये पण सोळाचा चढवून देतो, अर्ध्या इंचाने काय होतंय, हवा जास्त मारली की बसेल. आम्ही इतके दमलो होतो की आम्ही हो म्हटलं असतं. नशीब की आतून एक वयस्क मेकॅनिक आला, त्याने ते ऐकलं आणि त्या पोराला सगळ्यांसमोर झापलं.

का झापलं ते मला नंतर समजलं. टायरची जी कड रिमवर बसते, बीड म्हणतात तिला, तिच्या आत स्टीलच्या तारांचं कडं असतं. साडेसोळाच्या रिमची ती बैठक १५ अंशात उतरती असते, सोळाची जेमतेम ५ अंशात. सोळाचा टायर त्या रिमवर चढतो खरा, पण बीड जागेवर बसत नाही. मग माणूस हवा वाढवत जातो, अजून थोडी, अजून थोडी, आणि ते तारांचं कडं तुटतं. त्या क्षणी तो टायर म्हणजे बॉम्ब. यात माणसं मेली आहेत, हात गेलेत, म्हणूनच १६ इंची टायरच्या अंगावरच इशारा छापलेला असतो की साडेसोळाच्या रिमवर चढवू नका. तुमच्या रिमचं माप तुम्ही स्वतः वाचा, रिमवर ठोकलेलं असतं. दुकानदारावर सोडू नका. हात जोडून सांगते.

त्या म्हाताऱ्यानेच दोन दिवसांत कुठूनतरी एक साडेसोळाचा टायर मिळवून दिला, आणि आम्ही ब्रिज न बघताच पंचेचाळीसच्या वेगाने गावातल्या रस्त्यांनी घरी आलो.

घरी आल्यावर नवरा-बायकोत चांगलंच वाजलं. त्याचं म्हणणं, गाडी ओरिजिनल ठेवायची, मूळ रिम ठेवायच्या, त्याच मापाचे टायर शोधत राहायचं. माझं म्हणणं सरळ होतं, ज्या मापाचा टायर मी रात्री नऊ वाजता कुठल्याही हायवेवरच्या दुकानात मागू शकत नाही ते माप मला माझ्या लेकीच्या बेडखाली नको. जुन्या गाडीवर प्रेम मलाही आहे. पण ती रिम त्या काळी निवडली कारण तिचे टायर तेव्हा मिळत होते, बनवणाऱ्यांनीच आज बनवली असती तर सोळाची टाकली असती. शेवटी ऐकलं त्याने. जुन्या सहाही रिम घासून, रंगवून गॅरेजच्या माळ्यावर ठेवल्यात, उद्या कुणा प्रदर्शनात न्यायची झाली तर आहेत.

नवीन रिम अ‍ॅल्युमिनियमच्या १६ इंची घेतल्या. आठ नटवाल्या, साडेसहा इंचाच्या वर्तुळावर. पण नुसतं आठ भोकं जुळली म्हणून रिम घ्यायची नाही. ऑफसेट, म्हणजे रिम हबच्या तुलनेत किती आत किंवा बाहेर बसते ते, जुळायला हवा, नाहीतर पुढचं चाक बाहेर येऊन बेअरिंगवर भलता ताण पडतो किंवा आत कशाला तरी घासतं. मधलं भोक हबवर नीट बसायला हवं. प्रत्येक रिम किती वजन पेलते तो आकडा बघायचा. आणि नट! स्टीलच्या रिमचे जुने नट अ‍ॅल्युमिनियमला चालतीलच असं नाही, नटाची बसायची जागा रिमला जुळली नाही तर घट्ट वाटतं आणि रस्त्यात सैल होतं. आम्ही या गाडीसाठी म्हणूनच विकतात तो सेट घेतला, थोडे पैसे जास्त गेले, झोप लागते.

टायर घेतले एलटी २२५/७५ आर १६, लोड रेंज ई. एलटी म्हणजे लाईट ट्रकचा, लोड रेंज म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याची श्रेणी. ८० पीएसआयला (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) एक टायर २,६८० पौंड उचलतो. कारचा पी टायर स्वस्त पडतो पण अशा गाडीला लावायचा तर त्याचा वजनाचा आकडा आधी १.१० ने भागावा लागतो, आणि मग तो पुरत नाही. आणखी एक प्रकार एसटी म्हणून मिळतो, तो मागे ओढायच्या ट्रेलरसाठी, त्याचे आकडे बघून मोह होतो, पण स्टिअरिंग, ब्रेक आणि आत बसलेली माणसं यासाठी तो बनलेलाच नाही. मोटरहोमला नको.

हवा किती? इथे दहापैकी नऊ जण कडेवर छापलेला मोठा आकडा भरतात. तो कमाल वजनाचा आकडा. आधी गाडी वजन करून आणा. ट्रक स्टॉपवर काटा असतो, सामान, पाणी, पेट्रोल, माणसं सगळं भरून न्यायची, थोड्या पैशात पुढचं-मागचं वेगळं वजन छापून मिळतं. आमचं पुढे ४,३०० पौंड भरलं, मागे ७,४००. म्हणजे पुढच्या प्रत्येक चाकावर २,१५०, मागच्या चारांवर प्रत्येकी १,८५०. टायर कंपनीच्या तक्त्यात या मापाला ६० पीएसआयला २,१९० पौंड आणि ५० ला १,९४०. हे झालं कमीत कमी. एका बाजूला सामान जास्त असतंच, म्हणून आम्ही पुढे ६५ आणि मागे ६० ठेवतो, सकाळी टायर थंड असताना मोजून. ८० भरली तर गाडी दगडासारखी उडते आणि पन्नास वर्षांचं लाकडी फर्निचर खुळखुळं होतं.

व्हॉल्व्ह धातूचे घ्या. साधे रबरी व्हॉल्व्ह साधारण ६५ पीएसआयपर्यंतचे असतात आणि आम्ही वर हवेचे सेन्सर लावलेत, त्यांच्या वजनाने रबरी व्हॉल्व्ह हलून हलून मुळाशी चिरतो. सेन्सर मात्र लावाच. नवीन गाड्यांना ते कंपनीतूनच येतात, ७६ सालच्या गाडीला कुठून येणार! मागच्या चौघांपैकी एकाची हवा गेली तरी ड्रायव्हरला पुष्कळदा कळत नाही, शेजारचं चाक गपचूप ओझं उचलत राहतं आणि तापतं. चाकं बसवल्यावर पन्नास ते शंभर मैलांनी टॉर्क पान्ह्याने सगळे नट पुन्हा आवळायचे, अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. स्टेपनी विसरू नका, आम्ही सातवी रिम आणि सातवा टायर घेतला, जुन्या मापाची स्टेपनी ठेवून उपयोग नाही.

एवढं सगळं मिळून आमचे साडेतीन हजार डॉलर्सच्या वर गेले. लागले थोडे मनाला, खोटं कशाला बोलू. पण लोक गाडी घेतल्या घेतल्या रंगावर पाच हजार घालतात, सोफ्यावर दोन हजार घालतात आणि टायरला म्हणतात बघू पुढच्या वर्षी. मला हे पटत नाही, अजिबात पटत नाही. पडदे पुढच्या वर्षी लावा ना! आमच्या गाडीचं फाटलेलं पॅनल दोन वर्षं तसंच टेप लावून होतं आणि आम्ही त्याच गाडीतून ब्रिज ओलांडून अख्खं अप्पर पेनिन्सुला फिरून आलो, कुणाचं काही अडलं नाही.

आमच्या टायरवर तारीख आहे ३११९. हिवाळ्यात गाडी शेडमध्ये, चाकांवर कव्हर, आणि महिन्यातून एकदा तरी ती थोडी चालवायची हे ठरलेलं. पाच वर्षं झाल्यापासून दरवर्षी टायर रिमवरून उतरवून आतून बघून घेतो. दहा वर्षं होईपर्यंत मी थांबणार नाही, सात झाली की बदलणार, नक्षी कितीही राहिलेली असो. नवरा म्हणतो घाई होतेय. होऊ दे.

तर त्या मित्राला मी सांगितलं होतं की विकणाऱ्याला आतल्या बाजूचे फोटो मागव, सहाही चाकांचे, आकडे वाचता येतील असे. आधी विकणारा टाळत होता, मग काल संध्याकाळी पाठवले त्याने. चार टायर ४११३, दोन ०९१४. आणि रिम अर्थात साडेसोळा. मित्राने सहा टायर आणि सहा रिमचे पैसे किमतीतून कमी करून मागितलेत, जमेल असं दिसतंय. गाडी ओहायोत आहे. त्याला चालवत आणायची फार हौस होती पण आता फ्लॅटबेडवर चढवून आणतोय.