एकच मेसेज सगळ्यांना? द्राक्षाच्या हंगामात तरी नको

द्राक्षाचा हंगाम तोंडावर आला की नाशिकच्या व्यापारी ग्रुपांवर एक सल्ला फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: धंद्यात सगळ्यांना एकच मेसेज पाठवा, माणूस बघून मजकूर बदलणं म्हणजे दुतोंडीपणा. मेसेज दोन ओळींच्या वर नको, शक्यतो इंग्रजीत हवा, आणि एकदा ब्रॉडकास्ट केला की तुमची जबाबदारी संपली. वाचायला शिस्तीचं वाटतं, म्हणून पुढे ढकललंही जातं. पण पिंपळगाव, निफाड, दिंडोरी पट्ट्यात निर्यातीचा माल भरणाऱ्याने हे पाळलं, तर नुकसान त्याच्या एकट्याचं होत नाही. बागायतदार आणि मजूरही त्यात भरडले जातात.

आधी "दोन ओळी" बघू. समजा सोमवारी संध्याकाळी बागेतली साखर 16.5 ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) लागली आणि सौदा 17 चा आहे. द्राक्ष तोडल्यावर गोड होत नाही, त्यामुळे मंगळवारची तोडणी गुरुवारवर न्यावी लागणार. सल्ल्याप्रमाणे मेसेज जाईल: "हार्वेस्ट पोस्टपोन्ड बाय टू डेज. इन्कन्व्हिनिअन्स रिग्रेटेड." बागायतदाराला यातून एवढंच कळतं की दोन दिवस मोकळे मिळाले. आभाळ आलं, भुरीची (बुरशीच्या रोगाची) भीती वाटली की तो फवारणीचा पंप जोडतो. रेसिड्यूचा, म्हणजे फळातला औषधाचा अंश तपासायचा नमुना मात्र आधीच प्रयोगशाळेत गेलेला असतो. म्हणजे हातातला अहवाल फवारणीआधीच्या मालाचा, आणि क्रेटमध्ये येणारा माल फवारणीनंतरचा. त्या औषधाचा काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणी आणि तोडणी यांत सोडायचे दिवस, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावा लागतो. मेसेज लहान होता, पण ज्या वाक्याची गरज होती तेच त्यात नव्हतं.

बागायतदाराला जायला हवं ते असं: "नाना, मंगळवारी तोडणी नाही. साखर 16.5 लागली, आपल्याला 17 हवी. बुधवारी सकाळी सातला पुन्हा मोजू. जमलं तर गुरुवारी तोडू. तोवर कसलीच फवारणी नको. भुरी दिसली तर आधी फोन करा." वाक्यं सहा झाली, पण त्यातलं एकही काढता येत नाही. लांबी मोजण्यापेक्षा एक प्रश्न विचारा: हे वाचून समोरचा माणूस पुढच्या तासात काय करेल?

तोडणीच्या टोळीच्या मुकादमाला साखरेचा आकडा कळवून उपयोग नाही. पेठ, सुरगाण्याकडून माणसं आणणाऱ्याचे प्रश्न वेगळे असतात: कधी यायचं, किती जणांनी, कुठल्या मळ्यात, आणि मंगळवारच्या खाड्याचं काय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, तर टोळी दुसऱ्या बागेत जाते, आणि त्यात तिची काही चूक नाही. त्याला लिहू नका, बोलून पाठवा. वीस-पंचवीस सेकंद पुरतात, वार आणि वेळ सुरुवातीलाच. "उद्या", "परवा" हे शब्द टाळा. आवाजी मेसेज दुसऱ्या दिवशी ऐकला की "उद्या" एक दिवस पुढे सरकतो, आणि आपल्या भाषेत "परवा" मागचाही असतो, पुढचाही. गुरुवार म्हणा, तारीख म्हणा.

ट्रान्सपोर्टवाल्याला रीफर (थंड) कंटेनर कुठे, किती वाजता, न्हावा शेवा बंदराचं गेट कधीपर्यंत उघडं, आणि गुरुवार अजून पक्का नाही, एवढंच पुरे.

आता इंग्रजी. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या आयातदाराला ती हवीच. पण तिथेही नुसती भाषा बदलून भागत नाही. युरोपातला फळांचा व्यापार वर्षातल्या आठवड्याच्या क्रमांकाने बोलतो, त्यामुळे माल कितव्या आठवड्यात पोचणार ते लिहा. आकड्यांत घोळ जास्त होतो: नेदरलँड्समध्ये 1.250 म्हणजे साडेबाराशे, आणि आपलं 1,20,000 तिथे विचित्र दिसतं. वजनाच्या आकड्यात हजारासाठी चिन्हच वापरू नका. वाईट बातमी पहिल्या वाक्यात, लगेच नवी तारीख, मग जहाज चुकतं की नाही, आणि त्याने कधीपर्यंत काय ठरवायचं ते. दिलगिरी शेवटी, एका ओळीत.

सगळ्यात चुकीचा मुद्दा दुतोंडीपणाचा. मजकूर बदलणं आणि सत्य बदलणं यात फार मोठा फरक आहे. बागायतदाराला "साखर कमी" आणि आयातदाराला "मजूर मिळाले नाहीत" असं कळवलं, तर तो दुतोंडीपणा, आणि तो उघडा पडतोच. यावर उपाय सोपा आहे. कुणालाही कळवण्याआधी एक मूळ चिठ्ठी लिहा: काय झालं, कोणता आकडा, नवा वार व तारीख, कोणती गोष्ट अजून पक्की नाही, ती कधी पक्की होईल. चारही मेसेज त्यातूनच काढा आणि पाठवण्याआधी आकडे चिठ्ठीशी ताडून बघा. प्लॉटचं नाव सगळीकडे एकच ठेवा. मुकादमाचा "विहिरीवरचा मळा" आणि कागदावरचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीत शेजारी-शेजारी हवेत. गुरुवार अजून साखरेवर अवलंबून आहे, हे चौघांनाही कळायला हवं. कुणाचं नुकसान होईल अशी गोष्ट त्याच्यापासून लपवायची नाही, इथे कसलीही सूट नाही.

राहिला ब्रॉडकास्ट. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 नावं बसतात, पण ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच मेसेज पोचतो. हंगामापुरत्या आलेल्या मुकादमाकडे तो असेलच असं नाही. आणि निळ्या टिका आल्या म्हणजे समजलं असं होत नाही. "कळलं का?" विचारलं की "हो" येतं. त्याऐवजी फोन करून विचारा, "दादा, गुरुवारी किती वाजता, आणि कुठे?" त्याने "साडेपाचला, विहिरीवरच्या मळ्यात" म्हटलं की मगच फोन ठेवा.