दाखव की एखादी लाथ!

कराटे येतं असं कळलं की माणसं आधी दोन पावलं मागे सरतात आणि मग हात वाकडे करून तोंडाने ‘हू-हा’ करतात. लग्नाचा हॉल असो, सोसायटीची मीटिंग असो, नाहीतर ठाणे लोकल. ते ‘हू-हा’ चिनी कुंगफूच्या सिनेमांतून आलेलं. कराटे ओकिनावाचं, तायक्वांदो कोरियाचं. हे समजवायला जावं तर काका म्हणतात, “सगळं एकच रे ते. दाखव की एखादी लाथ!”

काका, लाथेला जागा लागते. उभा पाय चवड्यावर फिरायला हवा, कंबर वळायला हवी आणि समोर निदान एका तंगडीइतकं अंतर हवं. ऐन गर्दीत लोकलच्या डब्यात एका चौरस मीटरला १४ ते १६ माणसं असतात म्हणतात. तिथे दुसरा पाय टेकायला मिळाला तरी आम्ही मनोमन सेन्सेईंना, म्हणजे आमच्या गुरुजींना, नमस्कार करतो.

लाथ नाही तर ठोसा. “मला मारून बघ, मी पोट घट्ट धरतो,” असं म्हणणारा एकजण प्रत्येक बारशाला असतोच. तो स्वतः मूठ वळतो तेव्हा अंगठा आत कोंबतो. असा ठोसा लागला की समोरच्याचं काही होवो न होवो, अंगठा कामातून जातो. अंगठा बाहेर, तर्जनी आणि मधल्या बोटावर आडवा; मनगट सरळ; आघात त्याच दोन बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांनी. करंगळीच्या बाजूने बसला तर तळहातातलं तिच्यामागचं हाड मोडतं. डॉक्टर त्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, पण प्लास्टर घालून बसलेले बरेचसे रागाच्या भरात भिंतीवर हात आपटलेले असतात. खरे बॉक्सर ग्लोव्हजच्या आत साडेचार मीटर पट्टी गुंडाळतात, कारण कवटी जबड्यापेक्षा आणि मुठीपेक्षाही टणक असते, हे त्यांना ठाऊक असतं.

फळी फोडणं ही तर जत्रेतली गंमत. पाइनची, इंचभर जाडीची, वाळलेली फळी घ्यायची आणि रेषांना समांतर चिरेल अशी धरायची. आडवी धरली तर ती फुटत नाही, हात फुटतो. धरणाऱ्यांनी कोपरं ताठ ठेवायची. नेमक्या वेळी त्यांनी घाबरून हात सैल सोडले की फळी मागे जाते, जोर वाया जातो आणि फोडणाऱ्याला प्रेक्षकांसमोर हसतहसत दुसऱ्यांदा त्याच सुजलेल्या हाताने मारावं लागतं. कौलं फोडून दाखवतात तेव्हा त्यांच्या चळतीत मधेमधे लाकडी पट्ट्या का असतात, हे कुणी विचारत नाही. फटी असल्या की एकेक कौल वेगळं फुटतं आणि वरचं पडता पडता खालच्याला मदत करतं. पट्ट्या काढल्या तर उरते ती एक जाड भिंत. (हे सांगितल्याबद्दल आमचे काही मित्र रागावतील.)

काळ्या पट्ट्याचं तर विचारूच नका. “पट्टा न धुता धुता काळा होतो ना?” नाही. ज्यूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८० च्या दशकात दर्जा ओळखायला तो सुरू केला. कराटेने तो उचलला. न धुण्यानेच रंग मिळत असता तर मुंबईत जुलैअखेर सगळा क्लास बुरशीच्या हिरव्या पट्ट्यात उभा राहिला असता. काळ्या पट्ट्याची पहिली पायरी ‘शोदान’, आणि त्या शब्दातला ‘शो’ म्हणजे आरंभ. म्हणजे बालवाडी संपली, आता पहिली. पालकांचा प्रश्न मात्र ठरलेला: “मे महिन्याच्या शिबिरात होईल का?”

“तुमचे हात पोलिसात नोंदवावे लागतात ना?” १९५९ च्या शस्त्र कायद्यात मुठीचा परवाना नाही. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे आणि तिथे गरजेपुरतंच बळ, असं बजावलंय. म्हणून आम्ही पळतो. पळणं आम्हाला फार छान येतं, पण ते बघायला कुणी थांबत नाही.

सगळ्यात उपयोगाची विद्या तर कुणीच मागत नाही: पडणं. ज्यूदोत आधी महिनोन्‌महिने तेच. हनुवटी छातीला चिकटवायची, पाठ गोल, आणि पाठ टेकताना बाजूला तिरका ठेवलेला अख्खा हात मॅटवर आपटायचा. पावसाळ्यात स्टेशनच्या ओल्या जिन्यावर माणूस घसरतो तेव्हा हात मागे टेकून शरीर सावरायला जातो आणि मनगट मोडून घेतो. पेव्हर ब्लॉकवर हात आपटणं शहाणपणाचं नाही, पण हनुवटी आवळली तरी डोकं वाचतं. आता बारशात कुणी “पडून दाखव” म्हणेल तर शपथ.

आणि रोजची खरी लढाई दोरीवर चालते. ज्यूदोचा पांढरा ड्रेस गोधडीसारखा जाड, गळपट्टीला कापडाचे थर, त्यामुळे ती सगळ्यात शेवटी वाळते. गरम पाण्यात तो आटतो, ब्लीचने कमकुवत होतो. थंड पाणी, बादलीत अर्धा कप व्हिनेगर, मग उलटा करून दोन्ही बाह्यांतून काठी घालून बुजगावण्यासारखा पंख्याखाली टांगायचा. तरी पावसाळ्यात दोन दिवस जातात.

तो पॅसेजमध्ये लटकताना बघून शेजारच्या काकू विचारतात, “केटरिंगचं काम करता का हो?” हल्ली आम्ही हो म्हणतो. मग त्या फक्त शंभर माणसांना श्रीखंड किती लागेल, तेवढंच विचारतात.