पावसात पाणी घालणारी बाग

काल सकाळी छत्री घेऊन मिरजेतल्या नेहमीच्या बागेत गेलो. वरून पाऊस भुरभुरतोय आणि लॉनवर स्प्रिंकलर गरगर फिरतायत! माळीमामा शेडमध्ये बसलेले. म्हटलं, "मामा, बंद करा की." तर म्हणाले, "टायमर हाय सायेब, साडेसातला आपसूक बंद हुतंय. मधीच हात लावला तर ठेकेदार बोंबलतोय."

फलकावर याला 'स्मार्ट सिंचन' म्हटलंय. अहो, हे तर फक्त घड्याळ झालं.

आमचं गाव तासगावकडचं. द्राक्षबागेत ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवायच्या आधी आमचे आप्पा माती उकरून मुठीत दाबायचे. वाफसा असला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही, की म्हणायचे, "आज नको रं." खरं स्मार्ट म्हणजे एवढंच. मातीतला ओलावा मोजणारा टेन्शिओमीटरही हेच सांगतो. पाण्यानं भरलेली नळी, तळाला सच्छिद्र मातीचा कप. माती सुकली की ती कपातनं पाणी ओढते आणि वरचा काटा सरकतो. (आपल्या काळ्या रानाला भेगा पडल्या की कप मोकळा पडतो आणि काटा खोटं बोलतो. त्यामुळं माती दाबून बघणारी मूठ रिटायर करू नका.)

पावसासाठी तर त्याहून सोपी वस्तू मिळते, रेन सेन्सर. डबीत चकत्या असतात, भिजल्या की फुगून स्विच दाबतात, स्प्रिंकलरच्या व्हॉल्व्हची वीज तुटते, पाणी बंद. ॲप नको, इंटरनेट नको.

हिशेब करा. चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. एकरभर लॉनला ५ मिलिमीटर दिलं की सुमारे २० हजार लिटर झाले. त्यातही काळी माती पाणी सावकाश पिते. दहा मिनिटं सोडा, मुरू द्या, मग परत सोडा. सलग अर्धा तास सोडलं की फुटपाथच भिजतो.

एप्रिल २०१६ मध्ये याच मिरजेतनं रेल्वेनं लातूरला पाणी गेलं होतं. तेव्हा स्टेशनवर पाण्याचे टँकर-डबे बघायला गेलेले आपण, आता पावसात लॉन भिजवतोय.

माझा राग मशीनवर नाही, ठेक्यावर आहे. मामा सांगतात, त्यात 'रोज पाणी देणे' असं लिहिलंय. मग पाऊस पडो न पडो, बिल निघणारच. 'वाफसा बघून पाणी देणे' एवढं एक कलम घाला, सेन्सर ठेकेदार स्वतःच शोधून आणेल.

साडेसातला स्प्रिंकलर बंद झाले. मामा उठले आणि गुलाबाच्या आळ्यांत तुंबलेलं पाणी घमेल्यानं उपसायला लागले.