"सर, अजून अर्धा तास"

डिसेंबर-जानेवारीत नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर हे वाक्य ठरलेलं. अर्ध्या तासानं पुन्हा तेच. कुणीतरी काका पुढे होऊन विचारतात, "खरं सांगा ना जी, किती वाजता सुटते?" आणि गेटवरची पोरगी स्क्रीनकडे बघत राहते.

हिशेब तसा सोपा आहे. सकाळची पहिली विमानं सोडली तर आपल्याकडून सुटणारं विमान बहुतेकदा आधी दिल्ली किंवा मुंबईहून यावं लागतं. दिल्लीत धुकं आहे, विमान तिथून उडालेलंच नाही. मग दीड तास हवेतला, शिवाय प्रवासी उतरणं, सफाई, इंधन, बोर्डिंग यांचा अर्धा-पाऊण तास. दोन तासांच्या आत ते सुटूच शकत नाही. विमान कुठे आहे हे प्रवाशाला फोनवर दिसतं, तरी समोरून "अर्धा तास"च ऐकू येतो. धुकं कुणाच्या हातात नसतं, हे लोकांना कळतं. थाप कळल्यावर मात्र ते पुढचं तिकीट काढताना आठवतं.

त्या पोरीवर ओरडून उपयोग नाही. अंगावर गणवेश कंपनीचा असला तरी बरेचदा पगार ग्राउंड हँडलिंगच्या ठेकेदाराचा असतो. वेळ ठरते दूरच्या कंट्रोल रूममध्ये. तिला नीट माहिती मिळत नाही, साधं सँडविच वाटायलाही वरून परवानगी लागते.

दुसरा घोळ नियमांचा. "वेदर आहे, काही मिळणार नाही," हे उत्तर अर्धंच खरं. हवामानामुळे उशीर झाला तर नुकसानभरपाई मागता येत नाही. पण खाणंपिणं वेगळं. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या नियमानुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल, तर वेळेत चेक-इन केलेल्यांना ते मोफत द्यायचं असतं. नागपूरहून मुंबई, दिल्ली दोन्ही यात बसतात. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड, हा पर्याय प्रवाशाचा. हे स्टाफला पाठ नसेल तर दोष प्रशिक्षणाचा.

एसएएस या स्कँडिनेव्हियन विमान कंपनीचे प्रमुख यान कार्लझन यांनी ऐंशीच्या दशकात मांडलेलं गणित इथे चपखल बसतं: वर्षाला १ कोटी प्रवासी, प्रत्येकाची गाठ साधारण ५ कर्मचाऱ्यांशी, दर वेळी १५ सेकंद. कंपनी म्हणजे तेवढंच. बाकी जाहिरात.

अधिकार नसला की काय होतं, ते एप्रिल २०१७ मध्ये शिकागोत जगानं पाहिलं. युनायटेड या अमेरिकन विमान कंपनीला भरलेल्या विमानात स्वतःच्या ४ कर्मचाऱ्यांसाठी जागा हव्या होत्या. जागा सोडण्यासाठी देऊ केलेल्या ८०० डॉलरलाही कुणी उठेना. शेवटी बसलेल्या प्रवाशाला फरफटत बाहेर काढलं. त्याच महिन्यात कंपनीनं जागा सोडणाऱ्याला द्यायच्या रकमेची मर्यादा १० हजार डॉलरपर्यंत नेली. व्हिडिओ मात्र तोवर जगभर फिरला होता.

नागपुरात उड्डाणं मोजकी, म्हणून लोक त्याच कंपनीनं पुन्हा जातात आणि कंपनीला वाटतं, गिऱ्हाईक आपलं आहे. कशाचं आपलं! मुंबईला रात्रीची दुरांतो आहे, २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा समृद्धीही पूर्ण खुला झालाय.

खर्चिक उपाय नकोतच. येणारं विमान कुठे आहे ते माइकवर खरंखरं सांगा. दोन तास होणार हे दिसताच, कुणी भांडायच्या आधी, पाणी आणि खाणं बाहेर काढा. आणि गेटवर एक तरी माणूस असा ठेवा, ज्याला कुणाला फोन न लावता "हो, देतो" म्हणता येईल.