आधी त्या पाईपातला स्क्रू काढा: एक स्टार दिलेल्या आमच्या गॅरेजच्या ग्राहकाला उत्तर

नमस्कार दादा,

रिव्ह्यू वाचला. सविस्तर उत्तर खाली लिहिलं आहे, पण ते वाचण्याआधी एक काम करा. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीतून खाली लोंबणाऱ्या बारीक पाईपाच्या तोंडात दुसऱ्या मेकॅनिकने स्क्रू घालून दिलाय असं तुम्ही लिहिलंय. गाडी पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी, तो स्क्रू काढून टाका. रेडिएटरच्या, म्हणजे कूलंट गार करणाऱ्या जाळीच्या, झाकणाला हात लावू नका. आणि स्क्रू निघेपर्यंत यवतेश्वर घाट किंवा महाबळेश्वरकडे गाडी काढू नका, ही विनंती आहे.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. गाडी म्हणजे दोनशे सीसीची मोटरसायकल, लिक्विड कूल्ड, म्हणजे इंजिन द्रवाने थंड होणारी. ट्रॅफिकमध्ये तापमानाचा दिवा लागतो म्हणून तुम्ही ती आमच्याकडे आणली. आम्ही कूलंट बदललं, रेडिएटरची कॅप म्हणजे झाकण बदललं, एक बारीक पाईप बदलला. तुमचं म्हणणं असं, की टाकी अर्धीच भरून दिली, चांगली कॅप उगाच बदलली, एक पाईप तर कुठेच न जोडता हवेत सोडून दिला, आणि साध्या पाण्यावर भागलं असतं तिथे महागडं कूलंट टाकलं. पुढे तुम्ही दुसरीकडे टाकी काठोकाठ भरून घेतलीत, दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये हिरवे थेंब दिसले, म्हणून तो मोकळा पाईप बंद करून घेतलात.

तुमचा राग मी समजू शकतो. पैसे दिल्यावर अर्धी टाकी आणि लोंबणारा पाईप दिसला तर कुणालाही काम अर्धवट सोडलंय असंच वाटेल. आपल्याकडची बहुतेक माणसं एअर कूल्ड, म्हणजे नुसत्या हवेने थंड होणाऱ्या गाड्यांवरच मोटरसायकल शिकली, त्यात हे काहीच नव्हतं. यामाहाची आर१५ आली २००८ मध्ये, पल्सर २०० एनएस आणि ड्यूक २०० आल्या २०१२ मध्ये, आणि रेडिएटर, कूलंट, टाकी हे सगळं एकदम घरोघरी आलं. समजावून सांगणारं मात्र कुणी सोबत आलं नाही. त्यात कंपन्या ही टाकी अशा कोपऱ्यात बसवतात की टॉर्च लावून वाकल्याशिवाय रेघा दिसत नाहीत. सुरक्षेशी संबंधित वस्तू अशी लपवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता टाकीचं. गार असताना भरलेलं कूलंट इंजिन चालू झाल्यावर तापतं आणि फुगतं. एक लिटर कूलंट शंभर अंशांपर्यंत गेलं की साधारण पन्नास-साठ मिली जास्तीची जागा मागतं. रेडिएटर तर गच्च भरलेला असतो, तिथे जागा नाही. ते जास्तीचं कूलंट रेडिएटरच्या तोंडाशी असलेल्या बारीक पाईपातून या टाकीत येतं. इंजिन थंड झालं की कूलंट आकसतं, रेडिएटरमध्ये ओढ तयार होते, आणि गेलेलं सगळं त्याच पाईपातून परत आत येतं. रोज, प्रत्येक फेरीला हे चालतं. म्हणून टाकीवर लो आणि फुल अशा दोन रेघा असतात आणि फुलच्या वरही बरीच जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. तुमची टाकी थंड गाडीवर दोन रेघांच्या मधोमध भरली होती. तीच बरोबर पातळी आहे. बघताना गाडी सपाट जागेवर सरळ उभी हवी. साइड स्टँडवर ती कलते आणि पातळी चुकीची दिसते.

काठोकाठ भरलेल्या टाकीत फुगलेल्या कूलंटला जागाच उरली नाही, म्हणून ते मोकळ्या पाईपातून खाली पडलं. तुम्ही स्वतः लिहिलेला क्रम बघा: आधी टाकी भरली, मग थेंब आले. रेडिएटर फुटला असेल ही शंका तुम्ही लिहिली आहे, पण थेंब फक्त त्याच पाईपाच्या तोंडातून येत असतील तर ती शंका सोडून द्या. आणि ते थेंब भरपूर पाण्याने धुवून टाका. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. त्याची चव गोड लागते, कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि थोडंसं पोटात गेलं तरी त्यांचं मूत्रपिंड निकामी होतं. घरात लहान मुलं असतील तर जास्तच काळजी घ्या.

तो मोकळा पाईप आता समजून घ्या, कारण सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. टाकीला दोन बारीक पाईप असतात. एक रेडिएटरच्या तोंडापासून येतो आणि टाकीच्या तळापर्यंत पोचतो, म्हणजे त्याचं टोक कायम कूलंटमध्ये बुडालेलं राहतं. दुसरा टाकीच्या वरच्या भागातून निघतो आणि इंजिनाच्या खालच्या बाजूला मोकळा सोडलेला असतो. कारखान्यातूनच तो मोकळा येतो, अशी टाकी असलेल्या गाड्यांना तो तसाच असतो. तो टाकीचा श्वास आहे. कूलंट टाकीत आलं की आतली हवा तिथून बाहेर जाते, कूलंट परत गेलं की हवा तिथून आत येते.

तो बंद केला की दोन्ही बाजूंनी अडचण होते. गाडी तापली की कूलंट टाकीत घुसतं आणि कोंडलेल्या हवेवर दाब चढतो. ही प्लास्टिकची टाकी दाब सोसण्यासाठी बनवलेलीच नाही. तिचं रबरी बूच उडू शकतं किंवा जोड उघडू शकतो, आणि मग शंभर अंशांच्या आसपासचं कूलंट चालवणाऱ्याच्या पायावर किंवा मागच्या टायरवर येतं. घाटातल्या वळणावर टायरखाली ग्लायकॉल आलं तर काय होईल, ते मी लिहायला नको. उलट बाजूने, गाडी थंड होताना टाकीत हवा आत येत नसेल तर कूलंट रेडिएटरकडे पुरतं परत जात नाही. टाकी भरलेली दिसते आणि रेडिएटर हळूहळू रिकामा होत जातो. ज्या मेकॅनिकने स्क्रू घातला त्याने चांगल्या हेतूनेच घातला असणार, थेंब थांबवायचे होते. पण तो राहू देऊ नका.

आता आम्ही बदललेल्या, रेडिएटरपासून टाकीत येणाऱ्या पाईपाकडे येतो. तुमची गाडी आमच्याकडे रात्रभर उभी होती, सकाळी थंड असताना उघडली. टाकी फुलच्या रेघेपर्यंत होती. रेडिएटरचं झाकण काढलं तर आत कूलंट तोंडापासून बरंच खाली. टाकी भरलेली आणि रेडिएटर अपुरा, ही जोडी दिसली की आम्ही सगळ्यात आधी झाकण आणि तो बारीक पाईप तपासतो. तुमच्या पाईपाला रेडिएटरकडच्या टोकाला, क्लिपच्या अगदी खाली, उभी चीर होती. बोटाने वाकवल्याशिवाय दिसत नव्हती. अशा चिरेतून बाहेर एक थेंबही पडत नाही, कारण कूलंट जाताना तिथे फारसा दाब नसतो. पण थंड होताना रेडिएटर ओढ लावतो तेव्हा टाकीतल्या कूलंटऐवजी या चिरेतून हवा ओढली जाते. रोज थोडी थोडी. साताऱ्याच्या पोवई नाक्यावरच्या ट्रॅफिकमध्ये दिवा लागायचा तो याच हवेमुळे. रबर उन्हाने आणि उष्णतेने कडक होतं, कोणत्याही कंपनीचं असो. कापून क्लिप पुढे सरकवता आली असती, पण पाईप आधीच मापाचा होता, ताणून बसवला असता तर वळणावर चेपला असता. चेपलेला पाईप म्हणजे पुन्हा तोच प्रकार.

कॅपबद्दल. ते साधं झाकण नाही, त्यात दोन झडपा आहेत. मोठी झडप कुकरच्या शिट्टीचं काम करते, ठरलेल्या दाबापर्यंत धरून ठेवते आणि वर गेलं की सोडते. तुमच्या कॅपवर १.१ छापलेलं आहे, म्हणजे १.१ बार इतका दाब. मध्यभागी दुसरी छोटी झडप असते, ती उलट दिशेने उघडते आणि थंड होताना टाकीतलं कूलंट आत येऊ देते. आम्ही कॅप हातपंपाच्या टेस्टरवर लावली. ती छापलेल्या दाबाच्या बरीच आधी सुटत होती, आणि रबराच्या वाशरवर खोल वण पडला होता. डोळ्यांना ती चांगलीच दिसते, तुमचं म्हणणं तिथपर्यंत खरं आहे. जुनी कॅप आणि कापलेला पाईप बिलासोबत पिशवीत घालून तुम्हाला दिले होते, फेकले नसतील तर पाईपाचं टोक वाकवून चीर स्वतः बघा.

दाबाला मी इतकं महत्त्व देतो, कारण इंजिन थंड राहण्याचा अर्धा हिशोब त्यात आहे. समुद्रसपाटीला पाणी शंभर अंशांना उकळतं. महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटरवर आहे, तिथे ते पंचाण्णव-शहाण्णवलाच उकळतं. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी घेतलं तर उत्कलनबिंदू सातेक अंशांनी वर जातो, आणि चांगल्या कॅपचा दाब मिळाला की तो सव्वाशेच्या पुढे सरकतो. घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन तापतं तेव्हा हाच फरक कामी येतो. कॅप लवकर सुटली तर कूलंट आतल्या आत उकळायला लागतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ उष्णता नीट वाहून नेत नाही. नुसतं पाणी घातलं असतं तर हा फरक गेला असताच, शिवाय ॲल्युमिनियमचं इंजिन आणि रेडिएटर आतून गंजण्यापासून वाचवणारी द्रव्यंही गेली असती. बोअरच्या पाण्याचा क्षार बारीक नळ्यांमध्ये बसतो तो वेगळा. रस्त्यात अडकलात तर घरापर्यंत पोचायला साधं पाणी घाला, त्यात काही वाईट नाही. पण ते कायमचं ठेवू नका. रंगावरूनही भरू नका. हिरवं, लाल, निळं हा कंपनीने घातलेला रंग आहे, आतला प्रकार डब्यावर वाचायचा.

पैसे परत मागितले आहेत, त्याबद्दल स्पष्टच सांगतो. कॅप, पाईप, कूलंट आणि मजुरी या सगळ्याची गरज होती, ते बिल मी बदलणार नाही. मात्र टाकी काठोकाठ भरली गेली आहे आणि पाईप बंद राहिला आहे, त्यामुळे गाडी एकदा तपासणं आवश्यक आहे, आणि त्याचा एक रुपयाही घेणार नाही. जास्तीचं कूलंट काढून पातळी रेघांच्या मध्ये आणू, टाकीचं बूच आणि जोड बघू, पाईप कुठे चेपलाय का ते बघू. टाकीत बुडबुडे येतात का तेही बघू. गाडी चालू असताना बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलचा, विचार करावा लागतो. तुमच्या गाडीत तसं लक्षण नव्हतं, पण खात्री करून घेऊ. कूलंट फिरवणाऱ्या पंपाखाली एक बारीक छिद्र असतं, तिथून ओल आली तर पंपाचं सील गेलेलं असतं. तेही तुम्हाला दाखवतो, म्हणजे पुढच्या वेळी खाली थेंब दिसला तर कुठून आला ते तुम्हालाच ओळखता येईल.

तपासणी थंड गाडीवरच होते. त्यामुळे संध्याकाळी सातच्या आत गाडी आणून ठेवा आणि सकाळी साडेनऊला या. झाकण तुमच्या समोरच उघडू. सोमवारी आम्ही बंद असतो.